ली शी-चेन यांचा औषधिकोश: एक उलटतपासणी

काष्ठौषधींच्या दुकानांत 'चोपचिनी' मागितली असता आजही एक तांबूस, लाकडासारखा टणक कंद हाती पडतो. त्याच्या नावातील 'चिनी' साखरेची नव्हे, देशाची आहे. सोळाव्या शतकात हा कंद चीनमधून समुद्रमार्गे गोव्यास येऊ लागला. गोव्यातच १५६३ साली आपला पोर्तुगीज संवादग्रंथ छापविणारे वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी त्यासाठी एक स्वतंत्र संवाद राखून ठेवला आहे. त्याच शतकातील 'भावप्रकाशा'ने त्यास 'द्वीपांतरवचा' असे संस्कृत नाव दिले आणि फिरंग रोगावर, म्हणजे ज्यास आज आपण सिफिलिस म्हणतो त्यावर, त्याची योजना केली. सबब चिनी औषधिविद्येच्या सर्वांत थोर ग्रंथाचे परीक्षण या पानांतून करावयास आम्ही बसलो, तर ती केवळ परदेशी कुतूहलाची बाब ठरू नये.

हा ग्रंथ म्हणजे ली शी-चेन (१५१८–१५९३) यांचा 'बन्त्साओ गांगमू'. हूपे प्रांतातील या वैद्याने १५५२ ते १५७८ अशी सत्तावीस वर्षे त्यावर घालविली. मुद्रित ग्रंथ १५९६ साली नानकिंग येथे निघाला. तो पाहण्यास ते स्वतः हयात नव्हते. ५२ भाग, १८९२ औषधिद्रव्ये, ११,०९६ योग, आणि शिवाय सुमारे अकराशे चित्रे, असा त्याचा विस्तार आहे. आम्हांस चिनी लिपी अवगत नाही. पॉल उन्शुल्ड यांनी नऊ खंडांत केलेल्या संपूर्ण इंग्रजी भाषांतराचाच आम्हांस आधार आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. ते भाषांतर जुन्या रोगनामांना आधुनिक नावांचा साज चढवीत नाही, हा त्याचा मोठा गुण. वाचकास त्यामुळे थोडे अडखळावे लागते. पण ते अडखळणे प्रामाणिक आहे.

आम्हांस सर्वांत आवडली ती ग्रंथाची बांधणी. प्रत्येक द्रव्याच्या प्रकरणात ली ठराविक मथळ्यांनी चालतात: नावांचा उलगडा, पूर्वसूरींची मते, चुकांची दुरुस्ती, सिद्ध करण्याची रीत, रस व गुण, कोणत्या रोगावर योजावे, स्वतःचे विवेचन आणि शेवटी योग. जुन्या औषधिग्रंथातील विधान चुकीचे आहे असे ठणकावून सांगण्यासाठी ज्या ग्रंथात कायमचा मथळा राखून ठेवलेला आहे, असे ग्रंथ जगाच्या वाङ्मयात फार नाहीत. पारा सेवन करून अमर होण्याच्या कल्पनेचा ली जो समाचार घेतात, तो वाचताना एखाद्या करड्या न्यायाधीशापुढे आपण उभे आहोत असे वाटते.

परंतु हाच न्यायाधीश एकाच निकालपत्रात दोन निरनिराळे मापदंड कसे वापरतो, हे पाहावयाचे असेल तर खवले मांजराचे प्रकरण काढावे. हा प्राणी खवले उघडून मुंग्यांना आत घेतो व मग पाण्यात शिरून त्या खातो, अशी एक जुनी कथा पूर्वीच्या ग्रंथांत होती. ली यांनी प्राण्याचे जठर फाडून पाहिले. आत सुमारे लिटरभर मुंग्या निघाल्या. हा प्रत्यक्ष पुरावा. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगावे, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व २०२४ साली तो कायदा जाऊन नवा आला तरी टिकून आहे, आणि ली यांनी ते सोळाव्या शतकात पाळले. मात्र खवल्यांच्या औषधी गुणाकडे वळताच तेच ली म्हणतात की हा प्राणी डोंगर पोखरतो, सबब त्याची खवले शरीरातील अडलेल्या वाटा मोकळ्या करितात आणि बाळंतिणीस दूध उतरते. येथे उपमा साक्षीस उभी केली आहे, आणि तिला कोणी एकही प्रश्न विचारलेला नाही. जुनी वस्त्रे व घरगुती उपकरणे यांना औषध म्हणून वाहिलेला एक संबंध विभाग याच ग्रंथात आहे. त्याविषयी अधिक न लिहिलेलेच बरे.

याहून बिकट कज्जा चोपचिनीचा आहे. तिच्याच जातकुळीतील 'थूफूलिंग' हा कंद सिफिलिसवर चालतो असे ली लिहितात. त्या काळी वैद्य या रोगावर पारदयुक्त औषधे अतोनात देत आणि ते विष रोग्यांच्या हाडांत भिनत असे, हेही ते नोंदवितात, आणि तेथे त्यांची करुणा खरी आहे. आता पाहा: हूपेमध्ये ली, गोव्यात ओर्ता, आणि संस्कृतात भावमिश्र. तीन भाषा, तीन धर्म, तिघांची एकमेकांशी भेट नाही. आणि साक्ष एकच. कोणताही वकील असा साक्षीपुरावा हाती आला असता निश्चिंत झोपेल. तरीही तिघांची साक्ष फोल आहे. या रोगाचा पहिला व्रण औषध घेवो वा न घेवो, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो; रोग मात्र आत दडून राहतो व वर्षांनंतर हृदयावर किंवा मेंदूवर उठतो. कंद देणाऱ्या वैद्याने व्रण भरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तो खोटे बोलला नाही. पाऱ्यापासून बचावलेल्या रोग्यांस त्या कंदाचा लाभही झाला असेल. पण रोग हटविणारे औषध १९४३ नंतर, पेनिसिलिनच्या रूपाने, आले. ली यांच्या मथळ्यांत 'घेऊनही जे बरे झाले नाहीत' असा मथळा नाही, आणि आमच्या मते ग्रंथाचे मुख्य वैगुण्य तेच आहे. हे वैगुण्य एकट्या चीनचे नाही. आमच्या निघंटूंतही तो मथळा आम्हांस आढळला नाही.

मग या साऱ्या साक्षी फेकून द्याव्यात काय? तसे म्हणणाऱ्यांनी 'छिंगहाव' या वनस्पतीचे प्रकरण पाहावे. हिवतापावर तिचा योग ली यांनी चौथ्या शतकातील को हुंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तकातून उद्धृत केला आहे: मूठभर वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा व तो प्यावा. १९६७ साली चीन सरकारने हिवतापावरील औषधाच्या शोधाची गुप्त योजना आखली, आणि १९६९ मध्ये थू यूयू या संशोधिका पेकिंगमध्ये त्या कामी लागल्या. त्यांनी जुन्या ग्रंथांतून व वैद्यांकडून शेकडो योग गोळा केले. छिंगहावचे अर्क कधी गुण देत, कधी देत नसत. को हुंग यांचा योग पुन्हा वाचताना त्यांच्या ध्यानी आले की तेथे उकळावयास सांगितलेलेच नाही. उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून त्यांनी कमी तापमानास उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्या अर्काने उंदरांतील हिवतापाचे जंतू पूर्णपणे नाहीसे केले. पुढे १९७२ मध्ये द्रव्य वेगळे करण्यात आले, तेच आर्टेमिसिनिन. २०१५ साली थू यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. को हुंग यांची साक्ष सोळा शतके कपाटात पडून होती. तिची उलटतपासणी झाली तेव्हा ती टिकली. प्राचीनतेमुळे ती खरी ठरली नाही, आणि प्राचीनतेमुळे खोटीही ठरली नाही.

या प्रकरणात एक खोच आहे. ली यांनी 'छिंगहाव' व 'पिवळ्या फुलांचा हाव' अशा दोन वनस्पती वेगळ्या मांडल्या, आणि ज्या जातीत हे द्रव्य भरपूर आहे ती आधुनिक ओळखीनुसार त्यांची दुसरी ठरते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा चुकल्या तर काय अनर्थ होतो हे आमच्या व्यवसायात रोज दिसते. औषधीत त्याची किंमत जिवाने चुकवावी लागते. १९९३ साली बेल्जियमच्या डॉक्टरांनी एक वृत्तांत प्रसिद्ध केला: ब्रुसेल्स येथे सडपातळ होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत होती. 'हान फांगची' या वनस्पतीऐवजी 'क्वांग फांगची' ही ॲरिस्टोलोकिया वर्गातील विषारी वनस्पती त्यांत पडली होती. नावाचा अर्धा भाग समान, एवढाच काय तो संबंध. रोग्यांची संख्या पुढे शंभरावर गेली आणि त्यांतील कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. 'नैसर्गिक आहे, सबब निरुपद्रवी आहे' असे सांगत औषधे विकणाऱ्यांनी ली यांचा 'नावांचा उलगडा' हा मथळा तरी वाचावयास हवा होता.

खवले मांजराच्या बाबतीत एवढेच नोंदवितो की त्याची खवले आपल्या नखांसारख्याच द्रव्याची बनलेली असतात, आणि २०२० च्या चिनी औषधिसंहितेतून त्यांचे स्वतंत्र प्रकरण वगळण्यात आले. काही तयार औषधांच्या घटकांत मात्र ती राहिली. कोकणच्या रानात या प्राण्याची चोरटी शिकार होते, ती याच खवल्यांसाठी.