लिटरेट प्रोग्रॅमिंगच्या साधनांतील कोडचे कार्यान्वयन आणि आउटपुटची नोंद : एक चिकित्सक अभ्यास
(लोणार विवराच्या वयोनिश्चितीच्या संदर्भात)

गोषवारा

विवेचन, आज्ञावली आणि आज्ञावलीचे आउटपुट एकाच दस्तऐवजात गुंफणारी साधने आज संशोधन व अध्यापन या दोन्ही क्षेत्रांत रूढ झाली आहेत. ही साधने कोड कसा चालवितात आणि त्यातून निघालेल्या आउटपुटपैकी काय नोंदवितात, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात स्वीव्ह, निटर, ऑर्ग-बेबेल आणि ज्युपिटर या चार साधनांची या दृष्टीने चिकित्सा केली आहे. दस्तऐवज नेटका दिसावा म्हणून आउटपुटचा अडचणीचा भाग गाळण्याची प्रवृत्ती या साधनांत कमीअधिक प्रमाणात आहे. त्यामुळे छापलेला आकडा पुरावा म्हणून दुबळा ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. उदाहरणादाखल बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराच्या वयाची आकडेमोड घेतली आहे.

बीजशब्द : लिटरेट प्रोग्रॅमिंग, आउटपुट, त्रुटी-प्रवाह, कॅश, पुनरुत्पादनक्षमता, लोणार

१. प्रस्तावना

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९८४ मध्ये ‘द कॉम्प्युटर जर्नल’ या नियतकालिकातील लेखात लिटरेट प्रोग्रॅमिंगची कल्पना मांडली. आज्ञावली ही प्रथमतः माणसाने वाचावयाची असते, यंत्राने ती चालविणे हे दुय्यम होय, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. त्यांच्या ‘वेब’ या साधनात एकाच मूळ मजकुरापासून दोन गोष्टी तयार होत : ‘टँगल’ या प्रक्रियेने यंत्रासाठी पास्कल भाषेतील आज्ञावली आणि ‘वीव्ह’ या प्रक्रियेने वाचकासाठी छापावयाचा दस्तऐवज. या रचनेत आउटपुटला स्थान नव्हते. आज्ञावली चालविल्यावर काय निघाले, हे दस्तऐवजाच्या बाहेरच राहत असे.

सूत्र, उदाहरण आणि उत्तर एकत्र ठेवण्याची रीत भारतीय गणितपरंपरेस अपरिचित नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) नियमानंतर उदाहरण येते, उदाहरणानंतर ‘न्यास’ म्हणजे दिलेल्या संख्यांची मांडणी येते आणि त्यानंतर उत्तर येते. कोणत्या संख्यांपासून उत्तर निघाले हे वाचकासमोर राहते आणि ते त्याला पडताळता येते. संगणकीय दस्तऐवजात ‘वेब’नंतर हीच उणीव भरून काढावयाची होती.

ती भरून काढण्याचा प्रयत्न पुढील पिढीतील साधनांनी केला. फ्रीडरिश लाइश यांचे ‘स्वीव्ह’ (२००२) हे आर भाषेतील विश्लेषण चालवून त्याचे आउटपुट दस्तऐवजात आणू लागले. यिहुई शिए यांच्या ‘निटर’ने २०१२ पासून त्याचा विस्तार केला. ईमॅक्समधील ऑर्ग-मोडला एरिक शुल्ट व डॅन डेव्हिसन यांनी ‘बेबेल’ची जोड दिली आणि एकाच दस्तऐवजात अनेक भाषांतील कोड चालविणे शक्य झाले. २०१४ मध्ये आयपायथनमधून ‘ज्युपिटर’ प्रकल्प वेगळा झाला व नोटबुक हा प्रकार सर्वदूर पोहोचला.

२. प्रश्नाचे स्वरूप : लोणारचे उदाहरण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झाले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या वयाविषयी दोन आकडे वारंवार उद्धृत होतात. तापदीप्ती पद्धतीने १९९७ मध्ये काढलेले वय सुमारे ५२,००० वर्षे होते, तर अर्गॉन समस्थानिकांच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले वय ५,७०,००० वर्षे असून त्यात ४७,००० वर्षांची कमीअधिक शक्यता दर्शविली आहे. दोहोंत दहापटीहून अधिक अंतर आहे.

हे अंतर लिटरेट प्रोग्रॅमिंगच्या साधनांमुळे पडलेले नाही; ते पद्धती व नमुने यांतील भेदांचे आहे. तथापि असा आकडा विश्वासार्ह ठरण्यासाठी वाचकासमोर काय असावे लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. अर्गॉन पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवितात व प्रत्येक टप्प्यास बाहेर पडलेला वायू मोजतात. कोणते टप्पे सरासरीत धरावयाचे, पोटॅशियमच्या क्षयाचा कोणता स्थिरांक घ्यावयाचा, तुलनेच्या प्रमाण-खनिजाचे वय किती मानावयाचे, या निवडींवर उत्तर अवलंबून असते. १९७७ मध्ये संकेत म्हणून स्वीकारलेले क्षय-स्थिरांक पुढील संशोधनात सुधारले गेले आहेत. शिवाय उल्कापाताच्या वेळी वितळलेल्या खडकात जुन्या बेसाल्टमधील अर्गॉन शिल्लक राहिल्यास वय वास्तवापेक्षा अधिक दिसू शकते.

आता जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने अशा मोजमापांची सारणी घेऊन पायथन भाषेत गणना केली, अशी कल्पना करावी. आज्ञावली चार प्रकारांनी बोलते. तिच्या अखेरच्या पदावलीचे मूल्य असते. वाटेत छापलेला मजकूर प्रमाण आउटपुटमध्ये जातो. ‘दोन टप्पे वगळले’ यासारखी सूचना त्रुटी-प्रवाहात जाते. आणि काम सुरळीत संपले की नाही हे समाप्ती-संकेतावरून कळते. अंतिम वय हे पहिल्या प्रकारात मोडते. ते कसे निघाले याची साक्ष मात्र उरलेल्या तीन प्रकारांत असते. सबब, साधन यांपैकी काय ठेवते व काय टाकते, हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

३. साधनांची चिकित्सा

३.१ आउटपुटची पूर्णता

ऑर्ग-बेबेलमध्ये पायथनचा कोड चालविताना ‘व्हॅल्यू’ ही मूळ निवड असते. कोड एका फलनात गुंडाळला जातो व फक्त परत केलेले मूल्य दस्तऐवजात उतरते. मधल्या छापील ओळी हव्या असल्यास ‘आउटपुट’ ही निवड करावी लागते. तसे केल्यास मूल्य वेगळे मिळत नाही. दोन्ही एकाच वेळी ठेवण्याची सोय मूळ रचनेत नाही. त्रुटी-प्रवाह दस्तऐवजात येतच नाही, फार तर वेगळ्या खिडकीत दिसतो. कवच-आज्ञांच्या बाबतीत कोडच्या आरंभी त्रुटी-प्रवाह प्रमाण आउटपुटकडे वळवून जाणकार ही अडचण दूर करतात. नवशिक्यास मात्र आपण काही गमावीत आहोत याची जाणीवच होत नाही. उपरोक्त उदाहरणात विद्यार्थ्याच्या दस्तऐवजात वय छापले जाईल, परंतु वगळलेल्या टप्प्यांची सूचना राहणार नाही.

स्वीव्हमध्येही इशारे दस्तऐवजात न येता कन्सोलवरच राहत. निटरने या बाबतीत स्पष्ट प्रगती केली. छापील मजकूर, संदेश, इशारे व त्रुटी यांना त्यात स्वतंत्र ओळख आहे आणि प्रत्येकाविषयी लेखकास निर्णय घेता येतो. इशारे मूळ स्थितीत दिसतात. ते लपवावयाचे असल्यास तसे लिहावे लागते व ते लिहिलेले मूळ दस्तऐवजात राहते. लपविण्याचीही नोंद राहावी, हे तत्त्व येथे योग्य रीतीने पाळले गेले आहे.

ज्युपिटरच्या फाइलमध्ये प्रमाण आउटपुट व त्रुटी-प्रवाह वेगवेगळ्या नावांनी साठविले जातात, ही त्याची जमेची बाजू होय. तरीही पायथन कर्नलच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत (२०२१) सी भाषेतील ग्रंथालये व उपप्रक्रिया यांनी थेट लिहिलेला मजकूर नोटबुकमध्ये न येता ज्या टर्मिनलवरून कर्नल सुरू झाला तेथे जात असे. वैज्ञानिक गणनेचा मोठा भाग अशाच ग्रंथालयांत होत असल्याने ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

३.२ कार्यान्वयनाचा क्रम

ज्युपिटरची लोकप्रियता ज्या गुणामुळे वाढली, त्यातच त्याचा दोष दडलेला आहे. कोणताही कप्पा केव्हाही चालविता येतो आणि कर्नलच्या स्मृतीत जुनी मूल्ये टिकून राहतात. क्षय-स्थिरांकाचा कप्पा बदलून सरासरीचा कप्पा न चालविल्यास पानावर नवा स्थिरांक व जुने वय शेजारी शेजारी नांदतात. कप्प्याशेजारचा क्रमांक हीच काय ती खूण असते.

पिमेंटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुके तपासली. चालविण्याचा प्रयत्न केलेल्या नोटबुकांपैकी केवळ २४.११ टक्के त्रुटीविना चालली आणि ४.०३ टक्क्यांनीच मूळचे आउटपुट पुन्हा दिले. याचे सर्व कारण क्रमात नाही. अवलंबित ग्रंथालये व विदा-फाइली न मिळणे हेही त्यात आहे. तथापि नोटबुकवरील आउटपुट म्हणजे त्याच कोडचे आउटपुट, हे गृहीत धरता येत नाही, एवढे यातून सिद्ध होते.

ऑर्ग-बेबेलमध्ये सत्र न मागितल्यास प्रत्येक खंड नव्या प्रक्रियेत चालतो, त्यामुळे लपलेली स्थिती उरत नाही. मात्र एका खंडातील मूल्य दुसऱ्यास स्पष्टपणे द्यावे लागते. ही शिस्त जाचक वाटली तरी न्यास उघड ठेवणारी आहे. आर मार्कडाउनमध्ये दस्तऐवज तयार करण्याची कळ दाबल्यावर सर्व कोड नव्या सत्रात वरपासून खालपर्यंत चालतो व त्रुटी आल्यास काम थांबते. चारही साधनांत हा क्रम सर्वांत निर्धोक म्हणावा लागेल.

३.३ कॅश

दीर्घ गणना दरवेळी नव्याने करणे परवडत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यंत्रे मर्यादित असतात व तासिकेची वेळ ठरलेली असते. म्हणून कॅशची सोय आवश्यकच आहे. परंतु निटरची कॅश कोड व त्याचे पर्याय बदलले तरच रद्द होते. कोडने वाचलेली विदा-फाइल बदलली तर नाही. तसे हवे असल्यास लेखकाने फाइलवरील अवलंबित्व स्वतः नमूद करावे लागते. परिणामी मोजमापांची सारणी दुरुस्त झाली तरी वय जुनेच छापले जाऊ शकते, आणि दस्तऐवजात त्याचा मागमूस राहत नाही.

३.४ देवनागरी आउटपुट

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते व तिची चर्चा इंग्रजी समीक्षेत फारशी आढळत नाही. पायथनच्या ३.६ आवृत्तीपासून (२०१६) विंडोजच्या कन्सोलवर देवनागरी मजकूर थेट छापता येतो. मात्र तोच मजकूर एखाद्या साधनाने नळीतून पकडावयाचा प्रयत्न केला, की त्यानंतरच्या अनेक आवृत्त्यांत जुने संकेतपृष्ठ लागू होते. पाश्चात्त्य युरोपीय संकेतपृष्ठात देवनागरी अक्षरे नाहीत. साहजिकच आज्ञावली त्रुटी देऊन थांबते. पडद्यावर चाललेला कोड दस्तऐवजात चालत नाही, याचे मूळ येथे असते. यूटीएफ-८ पद्धती चालू केल्यास (३.७ पासून) हा दोष जातो, परंतु हे करणे विद्यार्थ्यावर सोपविले जाते. पुष्कळ जण कंटाळून आउटपुट इंग्रजीत छापू लागतात. उपकरणाची उणीव अशा रीतीने भाषेच्या माथी मारली जाते.

४. अध्यापनातील परिणाम

महाराष्ट्रातील संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक नोंदवहीत ‘प्रोग्रॅम’ व ‘आउटपुट’ ही दोन शीर्षके वर्षानुवर्षे चालत आली आहेत. पहिल्याखाली लिहिलेल्या कोडमधूनच दुसऱ्याखालचे आउटपुट निघाले, याची खात्री नोंदवही देत नाही. हाताने उतरविलेल्या आउटपुटला चूक होण्याची मुभाच नसते. लिटरेट प्रोग्रॅमिंगची साधने हा दुवा जोडून देतात, म्हणून त्यांचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतील सोडविलेल्या उदाहरणांची पायथन नोटबुके विद्यार्थ्यांकडून तयार करवून घेतली. पुस्तकातील उत्तर व संगणकाचे उत्तर शेजारी ठेवण्याचा तो उपयुक्त उपक्रम होय.

परंतु साधनाने इशारा गाळला, क्रम मोडू दिला अथवा शिळे आउटपुट पुढे केले, तर नोंदवहीतील जुनाच दोष नव्या रूपात परततो. किंबहुना तो अधिक घातक ठरतो, कारण यंत्राने छापलेल्या आकड्यावर वाचक सहज विश्वास ठेवतो.

५. मर्यादा

आउटपुट संपूर्ण नोंदविल्याने निष्कर्ष बरोबर ठरत नाही. लोणारच्या नमुन्यात जुना अर्गॉन शिल्लक होता काय, हे कोणतीही आज्ञावली आपणहून सांगू शकत नाही. तो भूशास्त्राचा प्रश्न आहे. तद्वतच प्रत्येक इशारा छापल्यास दस्तऐवज वाचनीय राहणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे. वाचनीयता हा तर नुथ यांच्या कल्पनेचा गाभाच होता. तथापि साठविणे व दाखविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सर्व आउटपुट साठवून त्यातील निवडक भाग दाखविता येतो. जे साठविलेच नाही ते मागाहून दाखविता येत नाही.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील सुधारणा इष्ट ठरतात. मूल्य, प्रमाण आउटपुट, त्रुटी-प्रवाह व समाप्ती-संकेत हे चारही घटक साधनाने आपणहून साठवावेत व लपविण्याचा निर्णय लेखकाने लेखी द्यावा. अंतिम दस्तऐवज नेहमी नव्या सत्रात, वरपासून खालपर्यंत चालवूनच तयार व्हावा. कॅशने कोडबरोबर वाचलेल्या फाइलींचीही दखल घ्यावी आणि कॅशमधून आलेल्या आउटपुटवर तशी खूण असावी. मजकुराची देवाणघेवाण सर्वत्र यूटीएफ-८ मध्ये व्हावी.

यांपैकी एकही सुधारणा तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. बहुतेकींचे अंश आजच्या साधनांत विखुरलेले आहेत. निटरची वर्गवारी, बेबेलचे स्वतंत्र खंड आणि ज्युपिटरची प्रवाहनिहाय साठवण एकत्र आल्यास ‘लीलावती’तील न्यासाप्रमाणे उत्तरामागची मांडणी वाचकासमोर राहील. तोपर्यंत अध्यापकाने विद्यार्थ्याचा दस्तऐवज स्वीकारण्यापूर्वी तो आपल्यासमोर नव्या सत्रात एकदा चालवून घ्यावा, ही साधी अट घालणे उचित होईल.