घरातलं गाणं: डॉक वॉटसन यांचं स्मरण

नॉर्थ कॅरोलायनात घर केलेल्या आपण मराठी माणसांनी इथल्या मातीतलं एक नाव जरूर माहीत करून घ्यावं: गायक-गिटारवादक डॉक वॉटसन. १९२३ साली डीप गॅपच्या डोंगराळ मुलखात त्यांचा जन्म झाला. वर्षाचे व्हायच्या आतच डोळ्यांच्या संसर्गाने दृष्टी गेली. पण वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. स्वतःच्या हातांनी बॅंजो बनवून दिला आणि मोठ्या करवतीचं एक टोक हाती देऊन लाकडं कापायलाही लावलं. त्या कामाने आपल्याला आत्मविश्वास दिला, असं डॉक पुढे सांगत.

या डोंगरांत स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून आलेल्या कुटुंबांनी आपली कथागीतं पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. इतकी, की ती टिपून घ्यायला लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प १९१६ मध्ये इंग्लंडहून इथे आले. डॉकनाही हा ठेवा घरातच मिळाला.

१९४७ मध्ये रोझा ली यांच्याशी लग्न झालं. सासरे गेदर कार्लटन फिडलवादक, म्हणजे सासरही गाणारं. मर्ल आणि नॅन्सी ही दोन मुलं झाली. संसारासाठी डॉक पियानो सुरात लावून देत. १९५० च्या दशकात ते एका नाचाच्या बॅंडमध्ये वाजवू लागले. तिथे फिडलवादक नव्हता, म्हणून फिडलच्या झपाट्याच्या धुना त्यांनी गिटारवर बसवल्या: पिकचा एक आघात खाली, एक वर, आणि प्रत्येक सूर सुटा, लख्ख. तोवर बहुधा साथीला असणारी गिटार त्यांच्यामुळे पुढे आली.

१९६४ पासून मर्ल वडिलांच्या साथीला बसू लागला. दोघांनी वीस वर्षं मिळून गायलं, वाजवलं. १९८५ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात मर्ल गेला. त्याच्या स्मरणार्थ १९८८ मध्ये विल्क्सबरोला ‘मर्लफेस्ट’ हा संगीत उत्सव सुरू झाला आणि पोरकं झालेलं ते गाणं हजारोंचं झालं. २०१२ मध्ये डॉक गेले; उत्सव आजही होतो.

या साऱ्यातून आपण हेच घ्यायचं: परमुलखात कला टिकते ती घरात रोज कानावर पडते म्हणून. गणेशोत्सवाआधी महिनाभर तालीम करून ती मुलांच्या अंगी मुरत नाही. आपल्या ओव्या, अभंग, भावगीतं स्वयंपाक करताना, गाडी चालवताना मुलांसोबत म्हणूया. आणि एप्रिलच्या अखेरीस मर्लफेस्टसाठी त्यांना घेऊन विल्क्सबरोला एकदा जाऊन येऊया.