प्लासिदोची आई आणि वकिलीचा अर्ज

दुबईतल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारणीने मला एक निबंध वाचायला दिला. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची. वय एकतीस. हिशेबाचं काम करते आणि पगारातला मोठा वाटा दर महिन्याला घरी पाठवते. आता तिला परत जाऊन वकिलीचं शिक्षण घ्यायचं आहे. त्यांच्याकडे आधी एक पदवी लागते, मग चार वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर थेट सुप्रीम कोर्ट घेतं ती बारची परीक्षा. अर्जासोबत गुणपत्रकं, शिफारसपत्रं आणि 'तुम्हाला वकील का व्हायचं आहे' या विषयावर निबंध जोडायचा होता. "कुया, चुका काढ," ती म्हणाली. कुया म्हणजे दादा.

निबंधाची पहिलीच ओळ होसे रिसालवर होती. शाळेत 'एल फिलिबुस्तेरिस्मो' वाचताना मला प्लासिदो पेनितेन्तेमध्ये मी दिसले, अशा अर्थाची. मी विचारलं, हा कोण? ती हसून म्हणाली, "आमच्याकडे अर्ज करणारा प्रत्येक जण प्लासिदोच असतो. सिन्योर पास्ता कुणीच नसतो."

त्या वाक्यामुळे मी ती कादंबरी वाचली. रिसालने ती स्पॅनिशमध्ये लिहिली आणि १८९१ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात छापून घेतली. मी वाचला तो चार्ल्स डर्बीशायर यांचा १९१२ चा इंग्रजी अनुवाद, 'द रेन ऑफ ग्रीड'. फिलिपिन्समध्ये ही कादंबरी टाळता येत नाही. १९५६ च्या कायद्याने रिसालचं जीवन आणि लेखन सगळ्या शाळा-कॉलेजांत शिकवणं बंधनकारक केलं, तेही कॅथलिक चर्चच्या कडव्या विरोधाला न जुमानता. म्हणजे तिथला वकील व्हायला निघालेला जवळजवळ प्रत्येक तरुण ही कादंबरी वाचूनच निघतो. आपल्याकडे अशी सक्ती झाली की पुस्तक मरतं. तिथे ते निदान अर्जाच्या पहिल्या ओळीपुरतं तरी जिवंत राहिलं आहे. पण या वाचनात काय निसटतं, हे मला सांगायचं आहे.

आधी प्लासिदो. बातांगासकडचा हुशार मुलगा, मनिलाच्या विद्यापीठात शिकायला आलेला. बाराव्या प्रकरणात तो भेटतो तेव्हाच शिक्षणाला कंटाळलेला असतो. पुढच्या प्रकरणात पदार्थविज्ञानाचा वर्ग आहे. वर्गात दोनशेवर मुलं. उपकरणं काचेच्या कपाटात बंद, पाहुण्यांना दाखवण्यापुरती. त्या दिवसाचा धडा आरशांवर, आणि मुलं आरशाची व्याख्या पोपटासारखी म्हणताहेत. शेजारचा मुलगा उत्तर सांग म्हणून प्लासिदोचा पाय तुडवतो, प्लासिदो ओरडतो आणि पाद्री-प्राध्यापक मिल्योन त्याला उभं करतो. मग त्याच्या नावावरून कोट्या. मग गैरहजेरीचा हिशेब: मी हजेरी क्वचित घेतो, म्हणून सापडलेल्या एका गैरहजेरीच्या पाच धरतो! वर उत्तर चुकल्याचीही खूण. एकच माणूस एकाच वेळी गैरहजरही कसा आणि धडा चुकणाराही कसा, असा बिनतोड सवाल करून प्लासिदो वर्गातून निघून जातो.

हा वर्ग इतका खरा का वाटतो, ते सहकारणीनेच सांगितलं. तिथल्या कायद्याच्या कॉलेजांत आजही 'रेसिट' नावाची दहशत आहे. प्रत्येक विद्यार्थी आपला फोटो लावलेलं कार्ड प्राध्यापकाकडे देतो. प्राध्यापक पत्त्यांसारखी ती कार्डं पिसतो, एक ओढतो आणि ज्याचं निघेल त्याने उभं राहून नेमलेला खटला सांगायचा. वस्तुस्थिती काय, मुद्दा काय, निर्णय काय. अडखळलात की उभेच राहा. तिच्या मैत्रिणी संक्षेप पाठ करायच्या, कारण मूळ निकाल वाचायला रात्र पुरत नसे. म्हणजे आरसा कपाटात आणि व्याख्या तोंडात. रिसालने व्यंगचित्र म्हणून काढलेला वर्ग सव्वाशे वर्षांनंतर वकील घडवण्याची रीतसर पद्धत म्हणून चालू आहे. त्यामुळे प्रत्येक अर्जदाराला आपण प्लासिदो वाटावं, यात नवल नाही.

आता सिन्योर पास्ता. कादंबरीतले विद्यार्थी स्पॅनिश शिकवणारी संस्था काढायची परवानगी मागताहेत. आपल्या बाजूने शब्द टाकावा म्हणून इसागानी हा तरुण मनिलाच्या या नामांकित वकिलाकडे जातो. पास्ताला सगळं कळतं. मागणी रास्त आहे, हेही कळतं. पण त्याचे पक्षकार पाद्री आहेत, मालमत्ता आहे, तोल सांभाळायचा आहे. तो इसागानीला उपदेश करतो: शिक, पैसेवाली देवभोळी मुलगी कर, फी चोख घे, वेळेवर प्रार्थनेला जा आणि देशाच्या भानगडीत पडू नकोस. इसागानीचं उत्तर असं, की म्हातारपणी मागे वळून पाहिल्यावर आपण फक्त स्वतःसाठीच जगलो असं दिसलं, तर डोक्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या केसाची मला लाज वाटेल. शाळेत हे उत्तर पाठ करून घेतात. पास्ताचं म्हणणं कुणी पाठ करत नाही, पण अमलात बहुधा तेच येतं.

इथवर शाळेतलं वाचनही पोचतं. शिकवताना जे मागे पडतं ते चौथ्या प्रकरणात आहे. काबेसांग तालेस नावाच्या शेतकऱ्याने जंगल तोडून जमीन काढली. पीक येऊ लागल्यावर ती आमची आहे म्हणून पाद्र्यांचा संघ पुढे आला आणि खंड वाढवत गेला. तालेस कोर्टात गेला. आपली बाजू खरी आहे एवढ्या भरवशावर होतं ते खर्चून लढला आणि हरला. त्याची बाजू खरी हे न्यायाधीशांनाही ठाऊक होतं, पण खुर्ची जायची भीती होती. शेवटी तालेस दरोडेखोर होतो. रिसालला हे बाहेरून लिहावं लागलं नाही. कालाम्बा गावात त्याचं कुटुंब आणि इतर कुळं याच प्रकारच्या जमिनीच्या वादात भरडली जात होती, त्यांना घरांतून काढलं जात होतं, आणि त्याच सुमारास ही कादंबरी पुरी झाली.

तेव्हा कादंबरीत कायद्याशी नातं असलेली तीन माणसं आहेत. पक्षकार तालेस, वकील पास्ता आणि विद्यार्थी प्लासिदो. पण एका टेबलाभोवती, कागदपत्रं पुढ्यात घेऊन हे तिघे कधीच बसत नाहीत. पास्ताकडे तालेसचा खटला येत नाही. तालेससाठी वकील व्हावं असं प्लासिदोला सुचत नाही. वर्गातून निघालेला प्लासिदो सरळ सिमूनकडे, म्हणजे बॉम्ब आणि बंडाकडे जातो. माझ्या मते ही कादंबरीची सर्वांत मोठी ताकदही आहे आणि मोठी उणीवही. ताकद अशी, की वसाहतीच्या राज्यात कायदा माणसांना कसा एकमेकांपासून तोडून ठेवतो, हे उपदेश न करता रचनेतूनच दिसतं. उणीव अशी, की चांगला वकील नावाची शक्यताच लेखक तपासत नाही. सिमूनचा मार्ग तो अखेर नाकारतो, दिवा नदीत फेकला जातो. मग उरतं काय? पाद्री फ्लोरेंतिनोचं मरणाऱ्या सिमूनपुढचं भाषण. सोसा आणि लायक व्हा. तालेसला त्याचा काय उपयोग?

या उणिवेला इतिहासानेच एक कडवट तळटीप जोडली. डिसेंबर १८९६ मध्ये रिसालवर लष्करी न्यायालयात खटला चालला तेव्हा त्याला मुलकी वकील घेऊ दिला नाही. पुढे केलेल्या यादीतून एक लष्करी अधिकारी निवडावा लागला. लुईस ताविएल दे आंद्रादे या तरुण लेफ्टनंटने बचाव केला. ३० डिसेंबरला रिसालला गोळ्या घातल्या गेल्या. ज्या वकिलाची त्याने कल्पना केली नाही, त्याचीच अखेर त्याला गरज पडली.

पुढच्या फिलिपिन्सने वकील भरपूर घडवले आणि निवड परीक्षांवर सोपवली. बारची परीक्षा अनेक वर्षं चार रविवार चालायची. निकाल १९९९ साली सतरा टक्क्यांच्या आत होता, तर २०२०-२१ च्या एकत्रित परीक्षेत ७२ टक्क्यांवर. पहिल्या आलेल्यांची नावं वर्तमानपत्रांत झळकतात. २०१७ पासून प्रवेशासाठीही देशव्यापी चाचणी आली, ५५ टक्के नसतील तर कॉलेजांनी घेऊ नये असा नियम. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली, कुणाला शिकवायचं हे ठरवणं कॉलेजांच्या स्वातंत्र्यात येतं म्हणून. पण चाळणी कुणाच्याही हातात असो, तिच्यातून काय गळतं? फर्डिनांड मार्कोस खुनाच्या खटल्यातला आरोपी असताना १९३९ च्या बारमध्ये पहिला आला. खालच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, १९४० साली सुप्रीम कोर्टाने सोडलं. होसे दिओक्नो १९४४ च्या बारमध्ये संयुक्त पहिला. १९७२ मध्ये पहिल्याने मार्शल लॉ लावला आणि दुसऱ्याला आरोपपत्राशिवाय जवळजवळ दोन वर्षं कोंडलं. सुटल्यावर दिओक्नोने अटकेतल्या लोकांचे खटले फुकट लढणारी वकिलांची संघटना उभी केली. प्लासिदो, पास्ता आणि तालेस यांना एका टेबलाशी बसवायचा तो प्रयत्न होता. आणि ज्या चाळणीतून दिओक्नो वर आला, त्याच चाळणीतून मार्कोसही आला होता.

एवढं सगळं मी सहकारणीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुया, तू आईचं प्रकरण वाचलंस का?"

वाचलं होतं, पण भरभर. प्लासिदो वर्ग सोडून घरी येतो तर गावाहून आई आलेली, काबेसांग आंदांग. ती रडते. तुझ्या मेलेल्या बापाला वचन दिलं होतं, तुला शिकवीन, वकील करीन. त्यासाठी मी चैन सोडली, मोठ्या डावाचा पत्त्यांचा खेळ सोडून घाणेरड्या पत्त्यांच्या स्वस्त डावाला बसले, ही बघ ठिगळाची चोळी. सोस बाबा, माफी माग. रिसाल हा प्रसंग विनोदी अंगाने लिहितो. वाचकाने आईला हसावं आणि मुलाबरोबर चिडावं, अशीच मांडणी आहे. पण कादंबरीत वकिलीच्या शिक्षणाची किंमत पैशांत मोजणारं ते एकटंच माणूस आहे. पास्ता होणं म्हणजे नुसता भित्रेपणा नाही. त्याच्यामागे बहुधा कुणाची तरी ठिगळाची चोळी असते, आणि तिची परतफेड करायची असते. प्लासिदो आणि पास्ता यांच्यामधलं अंतर कसं कापलं जातं, हे या एका पानात आहे, आणि रिसालने ते हसण्यावारी नेलं.

मला ते पान भरभर वाचावंसं वाटलं, यालाही कारण आहे. इचलकरंजीत माझी आई ब्लाउज शिवायची. त्या पैशांवर मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसलो होतो. एकदा वर्गात मला उभं करून माझ्या इंग्रजीची नक्कल केली गेली. वर्ग हसला. मी वर्ष पुरं केलं नाही. आईला सांगितलं, दुबईत पगार चांगला आहे. ते खोटं नव्हतं. पण प्लासिदोसारखा बिनतोड सवाल काही मी केला नव्हता.

सहकारणीने निबंध पुन्हा लिहिला. प्लासिदोची ओळ काढली. सुरुवात आता आईपासून होते: इलोइलोच्या बाजारात तिचं वाळवलेल्या मासळीचं दुकान आहे, गाळ्याच्या भाड्याचा वाद अनेक वर्षं चालू आहे, आणि वकील परवडत नाही म्हणून तारखेला ती एकटी जाते. मी व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, बाकी हात लावला नाही.

अर्ज पाठवण्याआधी तिने विचारलं, "हे आईला कुणी वाचून दाखवणार नाही ना?"

नाही म्हणालो. त्या रात्री मी घरी फोन केला. आई म्हणाली, तुझी कॉलेजची पुस्तकं अजून पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत, रद्दीत घालू का? मी थांब म्हणालो.