युआन नाटक आणि परसत्ता : ‘दोउ अ’च्या एका प्रचलित अन्वयार्थाची तपासणी

जित समाजाच्या वाङ्मयात जेत्यांविषयीचा रोष शोधण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. तथापि हा शोध संहितेच्या आधाराने व्हावयास हवा. संहितेच्या आधी निष्कर्ष ठरून गेला, तर वाङ्मय व इतिहास या दोहोंवर अन्याय होतो. मोंगल राज्यकर्ते व त्यांची चिनी प्रजा यांच्या संबंधांचा पुरावा म्हणून ग्वान हान-चिंग याच्या ‘दोउ अ’वरील नाटकाकडे नेहमी बोट दाखविण्यात येते. तो पुरावा कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, प्रजेला रोषाची कारणे होती. कुब्लाई खानाने 1271 मध्ये आपल्या राजवंशास ‘युआन’ हे चिनी नाव दिले आणि 1279 मध्ये सुंग सत्तेचा शेवट केला. मोंगल, पश्चिमेकडून आलेले ‘सेमू’, उत्तरेकडील ‘हान’ व दक्षिणेकडील जित प्रजा असे चार गट राज्यकारभारात मानले जात. दीर्घ खंडानंतर 1315 मध्ये शासकीय परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा अंतिम परीक्षेतील शंभर जागांपैकी प्रत्येक गटास पंचवीस राखून ठेवण्यात आल्या. लोकसंख्येने सर्वांत मोठ्या असलेल्या दक्षिणी गटाच्या दृष्टीने ही समता म्हणजे विषमताच होती.

या पार्श्वभूमीवर नाटकाचे कथानक पाहावे. दोउ अ ही तरुण विधवा. घरात घुसलेला एक गुंड तिच्याशी बळाने विवाह करू पाहतो, आणि ती नकार देते म्हणून स्वतःच्या बापाच्या विषप्रयोगाचा आळ तिच्यावर घेतो. मारहाणीस ती दाद देत नाही. परंतु वृद्ध सासूला मारावयास निघताच तिला वाचविण्यासाठी न केलेला गुन्हा कबूल करते. वधस्थानी तिने उच्चारलेली तीनही भाकिते खरी ठरतात : रक्त उंच टांगलेल्या पांढऱ्या वस्त्रावर उडते, भर उन्हाळ्यात हिमवर्षाव होतो, आणि तीन वर्षे अवर्षण पडते.

हे नाटक मोंगल राजवटीवरील आरोपपत्र होय, ही समजूत विसाव्या शतकात दृढ झाली. थिएन हान याने 1958 मध्ये लिहिलेल्या नाटकात तर खुद्द ग्वान हान-चिंगला हे नाटक रचल्याबद्दल तुरुंगात टाकलेले दाखविले आहे. ही थिएन हानची कल्पना आहे. नाटककाराला ते स्वातंत्र्य आहे, समीक्षकाला नाही.

संहितेत आढळते ते निराळेच आहे. आळ घेणारा चिनी, लाचखाऊ न्यायाधीश चिनी, बळीही चिनी. मोंगल अधिकारी रंगभूमीवर येतच नाही. उलट शेवटी न्याय देणारा दोउ थिएन-चांग हा निरीक्षक ज्या पदावर येतो, ते पद युआन शासनाचे आहे. त्या निरीक्षण-खात्याला हे नाव 1291 मध्ये मिळाले. म्हणजे न्याय मिळतो तो परसत्तेच्याच यंत्रणेकडून, मात्र मुलीच्या मृत्यूनंतर.

याहून महत्त्वाचा प्रश्न पाठाचा आहे. युआनकाळात छापलेली जी तीस नाटके उपलब्ध आहेत, त्यांत हे नाटक नाही. ते आपणांस मिंग काळातील मुद्रणांतून लाभले आहे. वधस्थानी जाताना नायिका आकाशालाच दोषी ठरविते, हा भाग विद्रोहाचा कळस म्हणून वारंवार सांगितला जातो. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरच्या मुद्रणात ती त्या ठिकाणी आकाशाकडे केवळ आपले गाऱ्हाणे मांडते. आकाशाला जाब विचारणारा पाठ त्सांग माओ-श्युन याने 1615-16 मध्ये सिद्ध केलेल्या संग्रहात येतो. मोंगल सत्ता 1368 मध्येच संपली होती. तेव्हा ज्या ओळीवर मोंगलविरोधी अन्वयार्थाची भिस्त आहे, ती चिनी सम्राटाच्या अमदानीतील एका संपादकाची असण्याचा संभव अधिक. ती प्रखर आहे यात शंका नाही. पण तिचा रोख मोंगलांवर आहे असे म्हणता येत नाही.

मग या नाटकात त्या काळाचे काहीच नाही काय? आहे, परंतु ते आरंभीच्या प्रसंगात आहे, आणि तिकडे फारसे लक्ष दिले जात नाही. थिएन-चांगने घेतलेले वीस तोळे रुप्याचे कर्ज व्याजाने चाळीस होते. ते फेडण्यासाठी, आणि परीक्षेकरिता राजधानीला जाण्याच्या खर्चासाठी, तो सात वर्षांच्या मुलीला सावकारीण विधवेच्या स्वाधीन करतो. मोंगल सरदारांचे भांडवल व्याजाने फिरविणारे व्यापारी मुद्दल वर्षभरात दुप्पट करीत. तोच दर येथे एका सामान्य चिनी विधवेच्या घरात रुजलेला दिसतो. राज्यकर्त्यांची रीत प्रजेने आपापसांत कशी आत्मसात केली, याचा हा पुरावा कोणत्याही शापवाणीहून अधिक बोलका आहे.

आणि परीक्षा? नाटक रचले गेले तेव्हा ती बंदच होती. वांग ग्वो-वेइ याने युआन नाटकाच्या उत्कर्षाचे एक कारण म्हणून परीक्षा बंद पडल्याकडे निर्देश केला, तो विचारार्ह आहे. परंतु ज्या परीक्षेच्या लोपाने विद्वज्जन हळहळत होते, तिच्यासाठी एका बापाने मुलगी दिली, असे हे नाटक दाखविते. पुढे तोच बाप न्यायासनावर बसतो, आणि मुलीच्या प्रेताला स्वतःचे नाव सांगावे लागेपर्यंत तिची फिर्याद बाजूस सारतो. हा दोष परक्यांच्या माथी मारता येण्याजोगा नाही.

म्हणून या नाटकास परसत्तेविरुद्धची घोषणा मानणे म्हणजे त्याचे मोल वाढविणे नव्हे, कमी करणे होय. परकीय अमलाखाली प्रजा केवळ सोसत नाही. ती व्याज घेते, लाच घेते, पदे मिळविते आणि आपल्याच माणसांचे बळी देते. ग्वान हान-चिंगने राज्यकर्त्यांना रंगभूमीवर आणले नाही. त्याने प्रजेलाच प्रजेसमोर उभे केले, आणि हे धैर्य घोषणेच्या धैर्याहून कमी प्रतीचे नाही.