एका बालपणाची तीन कथने

केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिऑन्गो (१९३८–२०२५) यांच्याविषयीची चर्चा बहुधा भाषेच्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इंग्रजीतून कादंबऱ्या लिहून नावारूपाला आलेल्या लेखकाने गिकुयू या मातृभाषेकडे वळावे, १९७७ मध्ये कामिरीथू गावातील शेतकरी-कामगारांसह गिकुयू नाटक उभे करावे, त्याबद्दल खटल्याविना वर्षभर तुरुंगवास भोगावा आणि तिथल्या शौचालयाच्या कागदावर गिकुयूतील पहिली कादंबरी लिहावी, हा घटनाक्रम इतका प्रभावी आहे की त्यापुढे संहितांचे वाचन मागे पडते. न्गुगींनी आपले बालपण तीनदा सांगितले आहे, आणि ही तीन कथने परस्परांशी जुळत नाहीत, याकडे त्यामुळेच पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पहिले कथन 'वीप नॉट, चाइल्ड' (१९६४) या कादंबरीचे. लेखक तेव्हा जेम्स न्गुगी या नावाने लिहीत होता. आईच्या आग्रहामुळे शाळेत जाणारा न्जोरोगे शिक्षणावर सारी श्रद्धा ठेवतो. आणीबाणीच्या काळात ती श्रद्धा उद्ध्वस्त होते आणि तो आत्महत्येच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो. दुसरे कथन 'डिकॉलनायझिंग द माइंड' (१९८६) या वैचारिक ग्रंथातले. तिथे घर, शेत आणि संध्याकाळी शेकोटीभोवतीच्या गोष्टी एकाच भाषेत नांदतात. पुढे १९५२ च्या आणीबाणीनंतर शाळा वसाहती सत्तेच्या ताब्यात जातात, आणि गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात अपमानाची पाटी अडकवली जाते. तिसरे कथन 'ड्रीम्स इन अ टाइम ऑफ वॉर' (२०१०) हे आत्मकथन. कादंबरीत शिक्षण हा भ्रम ठरतो, वैचारिक ग्रंथात ती जखम होते आणि आत्मकथनात तेच शिक्षण आईने दिलेली देणगी म्हणून येते.

वैचारिक ग्रंथातील बालपण हे युक्तिवादाच्या गरजेतून घडलेले आहे, हे मान्य करावे लागते. त्यात दोष नाही. सिद्धांताला रेखीव आरंभबिंदू लागतो. पण एकजिनसी 'आफ्रिकी संस्कृती' आणि तिच्यावर बाहेरून झालेला आघात अशी जी द्विदल मांडणी नंतरच्या अभ्यासकांनी त्यातून उचलली, ती आत्मकथनाच्या कसोटीवर टिकत नाही. तिथले घर मुळातच दुभंगलेले आहे. वडिलांच्या चार बायका, चोवीस मुले, थोरल्या आईच्या झोपडीत रंगणाऱ्या गोष्टी हे सारे आहे. पण वडिलांच्या मारहाणीमुळे घर सोडून गेलेली आई आहे आणि त्यानंतर वडिलांनी हाकलून दिलेला मुलगाही आहे. एक भाऊ माउ माउ लढ्यात जंगलात जातो, तर एक सावत्र भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या सैन्यात राहून आलेला आहे. परंपरा आणि सत्ता यांच्यातील सीमारेषा इथे कुटुंबाच्या आतूनच जाते.

शाळांचे उदाहरण याहून बोलके आहे. मुलगा ज्या स्वतंत्र शाळेत जातो, तिची परंपरा १९२९ च्या सुमारास मिशन आणि गिकुयू समाज यांच्यात पेटलेल्या स्त्रियांच्या सुंतेच्या वादाशी निगडित होती. म्हणजे वसाहतवादविरोधी शिक्षणाचा पाया ज्या रूढीच्या बचावात घातला गेला, ती स्त्रीच्या देहावर घाव घालणारी होती. 'द रिव्हर बिटवीन' (१९६५) या कादंबरीत न्गुगींनी हा पेच हाताळला होता. वैचारिक ग्रंथात तो जवळजवळ अदृश्य होतो. आत्मकथनात लेखक स्वतःच्या सुंताविधीचे वर्णन करतो, तेव्हा विधीतील समूहभाव तो नाकारत नाही. मात्र माणसाला समर्थ करणारी गोष्ट शरीरावरची खूण नसून शिक्षण आहे, या निष्कर्षाला तो येतो. अस्मितेचा उद्गाता मानल्या गेलेल्या लेखकाचा हा निष्कर्ष परंपरेच्या भाबड्या समर्थकांना अडचणीत टाकणारा आहे. मराठीतील देशीवादाच्या वादांशी परिचित असलेल्या वाचकाला ही अडचण नवी वाटू नये.

आता भाषेचा प्रश्न. १९८६ च्या ग्रंथात न्गुगींनी इंग्रजीला निरोप दिला होता. 'मुरोगी वा कागोगो' (२००४) ही महाकाय कादंबरी त्यांनी गिकुयूतच लिहिली आणि मग स्वतः इंग्रजीत आणली. आत्मकथने मात्र थेट इंग्रजीत आली. याला विसंगती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तसे म्हणणारे बरेचदा इंग्रजीच्याच वर्चस्वाची वकिली करीत असतात. पण प्रश्न उरतोच: कल्पित समाजासाठी ठेवावे आणि स्वतःचे आयुष्य जगासाठी, अशी वाटणी का व्हावी? कामारा ले यांचे 'लाँफाँ न्वार' (१९५३) हे फ्रेंचमधील पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा वसाहतीतील दुःख झाकून परक्या वाचकाला गोड आफ्रिका दाखवली, असा आक्षेप मोंगो बेती यांनी घेतला होता. न्गुगींवर तो आक्षेप घेता येणार नाही. त्यांच्या पुस्तकात बेदखल झालेली जमीन, कुळांचे जिणे, धरपकड सतत समोर आहे. तरीही परभाषेतील आत्मकथनाला समजावून सांगण्याचा जो स्वर अपरिहार्यपणे लागतो, तो इथेही आहे. गिकुयू वाचकाला ज्या चालीरीती सांगाव्याच लागल्या नसत्या, त्यांचे स्पष्टीकरण देण्यात काही पृष्ठे खर्ची पडतात, आणि नेमकी तीच पृष्ठे निष्प्रभ आहेत.

याउलट पुस्तकातील सर्वांत समर्थ भाग आईविषयीचा आहे. निरक्षर आई मुलाला शाळेत जायचे आहे का असे विचारते. दुपारी उपाशी राहावे लागले तरी तक्रार करायची नाही, असा करार करून घेते. पुढे कितीही चांगले गुण मिळाले, तरी याहून चांगले करता आले असते का, एवढेच ती विचारते. इथे लेखक काहीही समजावून सांगत नाही. आजोबांचा प्रसंगही असाच आहे. ज्यांचे नाव या मुलाला मिळाले, ते आईकडचे आजोबा त्याला आपला लेखनिक करतात आणि त्याच्याकडून पत्रे लिहून घेतात. आजोबांची वाणी नातवाच्या अक्षरात उतरते, आणि मौखिक व लिखित यांच्यात इथे कोणताही संघर्ष नाही. न्गुगींच्या लेखनाचा हा आरंभ शाळेतल्या पाटीच्या कितीतरी आधीचा आहे. सिद्धांतात त्याला जागा मिळाली नाही, ती या इंग्रजी पुस्तकात मिळाली.