पेजेची साक्ष

मराठीत अन्नाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जेवणाविषयी फार थोडे. हे विधान कोणास विक्षिप्त वाटेल, म्हणून ते शाबीत करण्याचा भार आम्ही आपल्या शिरावर घेतो. अन्न म्हणजे पदार्थ. त्यास नाव असते, प्रमाण असते, कृती असते. जेवण हा व्यवहार आहे. कोणी रांधले, कोणी वाढले, कोण प्रथम पानावर बसले, कोण अखेरीस उरल्यासुरल्यावर भागवून उठले, उशिरा येणाऱ्यासाठी चुलीच्या उबेवर कोणते पातेले झाकून ठेवले, हे सारे त्यात येते. आमच्या वाङ्मयाने पहिल्याची सूची उत्तम केली. दुसऱ्याची नोंद ठेवावयाचे बहुधा राहून गेले. घरगुती स्वयंपाकाशी संबंध असलेले काही मराठी ग्रंथ या एका दृष्टीने तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छापील पाकग्रंथांची आपली परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. ‘एक हजार पाकक्रिया’ हे त्याचे दुसरे नावच त्याची झेप सांगते. १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही प्रत्येक घरात असलेली मापे प्रमाण मानली आणि परगावी बिऱ्हाड थाटणाऱ्या नवख्या मुलींना मोठा धीर दिला. या ग्रंथांचे ऋण कोणी नाकारू नये. जी विद्या एरवी सासूच्या डोळ्यांदेखत, तिच्या नापसंतीच्या धाकात शिकावी लागे, ती पुस्तकात आल्यामुळे शिकणारीस थोडे स्वातंत्र्य मिळाले. ही गोष्ट सामान्य नव्हे.

आपल्या वाचकांस याहून जवळचा ग्रंथ म्हणजे ‘रसचंद्रिका’. अंबाबाई संशी यांनी सिद्ध केलेला हा ग्रंथ मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली मराठीत प्रसिद्ध केला. पुढे त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली आणि परदेशी गेलेल्या मुलीसुनांच्या सामानात तिला जागा मिळाली. घरात कोंकणी बोलणाऱ्या समाजाने आपले स्वयंपाकघर छापावयास काढले ते मराठीत, ही गोष्ट या द्विभाषिक मासिकाच्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी. व्याकरण मराठीचे, परंतु अंबट, सुक्के, घश्शी, उपकरी ही नावे कोंकणीच राहिली, कारण त्यांना दुसरे नावच नव्हते. शिवाय या ग्रंथात घरगुती औषधे आहेत, सणवारांची माहिती आहे. म्हणजे स्वयंपाक हा वर्षाच्या चक्रात आणि घरातील दुखण्याखुपण्यात गुंतलेला असतो, ही जाणीव या बायकांना होती. पाकग्रंथ जेवणाच्या जितका निकट येऊ शकतो तितका हा ग्रंथ आला आहे, असे आम्ही म्हणू.

परंतु पाकग्रंथ म्हणून त्यास जी मर्यादा आहे ती त्यासही ओलांडता आली नाही. १९४३ हेच साल मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाल्याचे आहे. त्या वर्षी शहरातील चाळींतून रोज काय शिजत होते आणि ते कोणाच्या वाट्याला किती येत होते, हे कोणास जाणून घ्यावयाचे असेल, तर पाकग्रंथ नव्हे, शिधापत्रिका उघडावी लागेल. पाकग्रंथ जे करावयाचे ते सांगतो. जे केले गेले ते सांगत नाही.

उदाहरणादाखल पेज घ्या. तिची कृती ती काय? उकडे तांदूळ, पुष्कळ पाणी, मीठ आणि मंद विस्तव. कोणताही ग्रंथ ती दोन ओळींत संपवील आणि ते योग्यच होईल. तथापि बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या या सीमाभागात पेजेचा विस्तार दोन ओळींचा नाही. आमच्या घरी ती तापातून उठलेल्या मुलासाठी होई, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी होई, रात्रीचा प्रवास करून आलेल्या पाहुण्यासाठी होई. आणि महिनाअखेरीस, काही एक न बोलता, सर्वांसाठी होई. सोबतचे लोणचे तेच, भाजलेला पापड तोच. पण आजाऱ्याची पेज पातळ व गाळलेली, पाहुण्याची पेज तुपाची धार सोडलेली आणि महिनाअखेरीची पेज नुसती दाट. या तिन्हींतील फरक आम्हांस कोणी शिकविला नाही. ताटली समोर आली की घरात काय चालले आहे ते कळत असे. शेजारच्या कानडी घरात हीच गंजी होती. पूर्वेस कोरडवाहू मुलखाकडे सरकावे तसा तांदूळ मागे पडून ज्वारी पुढे येते, आणि पेजेच्या जागी आंबील बसते. सौंदत्तीच्या यल्लम्मेस नैवेद्य दाखवितात तो याच आंबिलीचा आणि घुगऱ्यांचा. गरिबाचे रोजचे अन्न देवीनेही आपले मानले, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

वकिली पेशाच्या माणसास येथे एक जुना निवाडा आठवल्याखेरीज राहत नाही. मदुरेचे कलेक्टर विरुद्ध मुत्तू रामलिंग सेतुपती या १८६८ सालच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, हिंदू धर्मशास्त्रात रूढीचा स्पष्ट पुरावा लिखित वचनाहून श्रेष्ठ समजावा. स्मृती काय सांगते एवढे पुरेसे नाही. त्या कुळात, त्या मुलखात प्रत्यक्ष काय चालत आले, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते पाकग्रंथ ही स्मृती होय आणि घरची चूल ही रूढी. परंतु रूढी शाबीत करावयाची तर साक्षीदार लागतो. आणि आमच्या वाङ्मयात नेमका तोच गैरहजर आहे.

कोणी म्हणेल, ललित लेखकांनी ही उणीव भरून काढलेली नाही काय? पु. ल. देशपांडे यांच्या ‘हसवणूक’ (१९६८) या संग्रहातील ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख कोणाच्या डोळ्यांपुढे येणार नाही? पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. आपल्या सणांचा इतिहास लिहिणारे ऋग्वेदी हे त्यांचे मातामह. खाण्यातील आनंद असा निःसंकोचपणे, असा गाजावाजा करून क्वचितच कोणी मांडला असेल. संयमाच्या नावाखाली जिभेस लाजणाऱ्या आपल्या पांढरपेशा समाजाला त्यांनी मोकळे केले. परंतु तो लेख, आणि त्याच्या वळणावर पुढे लिहिले गेलेले शेकडो लेख, ही खाणाऱ्याची साक्ष आहे. पु. लं.नी तिला विनोदाची जोड दिली म्हणून ती शोभली. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती ‘आईच्या हातची चव’ एवढाच एक ठोकळा उरला.

या ठोकळ्याविषयी आमची तक्रार आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यास निवाड्यापासून लाभ होतो अशा साक्षीदारास न्यायालयात हितसंबंधी साक्षीदार म्हणतात. त्याची साक्ष केवळ तेवढ्यावरून फेटाळीत नाहीत. पण ती फार बारकाईने तपासतात. आईच्या स्वयंपाकाविषयी लिहिणारा मुलगा हा असाच साक्षीदार होय. त्यास चव आठवते, वास आठवतो, तव्यावरून थेट पानात पडलेल्या भाकरीचा फुगलेला पापुद्रा आठवतो. आईने स्वतः कधी गरम भाकरी खाल्ली काय, हे मात्र त्यास आठवत नाही. कारण ती जेवावयास बसे तेव्हा तो अंगणात खेळावयास गेलेला असे. त्याच्या लेखी जी माया, ती तिच्या लेखी माया आणि मेहनत दोन्ही असेल. दोन्ही असू शकतात. परंतु दुसरीचा उल्लेखच न करणे हे वाङ्मयाचे वैगुण्य आहे, केवळ शिष्टाचाराचे नव्हे. अशा लेखाने वाचकाचे डोळे ओलावतात, पण त्याच्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावी. १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पाकशास्त्राचा नाही, खाद्यप्रेमाचाही नाही. पण वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सारे घर कसे जेरीस आले, घरधन्याच्या लहरी औदार्याची झळ स्वयंपाकघरास कशी लागते, आणि १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कोणाच्या हातचे पाणी चालावे व कोणाच्या हातचे नाही या प्रश्नाशी एका बाईस एकटीने कसे झगडावे लागले, हे सारे त्यात रांधणारीच्या तोंडून आले आहे. आणि हसत हसत आले आहे. तेथे कढवळा नाही, आरोपही नाही. तेथे साक्ष आहे. घरातील जेवण म्हणजे काय हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने हजार पाकक्रियांच्या आधी हा ग्रंथ वाचावा.

सीमाभागात या साक्षीचे मोल आणखी एका कारणाने वाढते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास द्यावी आणि बेळगाव होते तेथेच राहावे असे सुचविले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादात कागदांचे ढीग साचले. भाषेच्या हक्काचा प्रश्न खराच आहे आणि तो कायद्याने सुटावा हेच इष्ट. परंतु कोणत्या घरात काय शिजते यावरून कोणी येथे सीमा आखावयास बसेल, तर त्याची लेखणी दुसऱ्याच गल्लीत अडेल. बेळगावचे मांडे मराठी की कानडी? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मंडक आहेत. याच राजाचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयास विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. एकाच राजकुळाच्या छायेत आमच्या कोर्टांत पुढे शतकानुशतके चाललेला कायदा लिहिला गेला, आणि आमच्या लग्नांत चालणाऱ्या मांड्यांचीही नोंद झाली. तेव्हा ना महाराष्ट्र राज्य होते, ना कर्नाटक. आजही सकाळी अकराच्या सुमारास आमच्या गल्लीत ‘जेवलात का?’, ‘ऊट आय्ता?’ आणि ‘जेवण जाल्लें वे?’ हा एकच प्रश्न तीन भाषांत ऐकू येतो, आणि तिन्हींचे उत्तर कोणत्याही भाषेत दिले तरी चालते.

मात्र राजाच्या ताटातील मंडकांस ग्रंथकार मिळाला. पेजेस आणि आंबिलीस मिळाला नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई पहाटे उठून जी भाकरी थापून फडक्यात बांधून नेते, तिच्यावर कोणी निबंध लिहीत नाही. आणि लिहिलाच, तर तो तिच्या मुलाच्या आठवणीचा असतो. आपल्या समाजाची गोष्टही याहून फार निराळी नाही. देवळातील समाराधनेच्या पंक्तीचे वर्णन आपण चवीने करतो. पंक्ती उठल्यावर, भांडी निघाल्यावर ज्या बायका जेवावयास बसतात, त्यांच्या बोलण्याकडे कोणाचे लक्ष असते?

म्हणून पुढच्या ग्रंथाविषयी आमची अपेक्षा आम्ही येथे नोंदवितो. घरोघरी अजून अशा वडीलधाऱ्या बायका आहेत, ज्यांना मापे नव्हे, प्रसंग आठवतात. त्यांच्याकडून पदार्थाची कृती जरूर घ्यावी. पण तेवढ्यावर उठू नये. त्याचे कोंकणी नाव, मराठी नाव, कानडी नाव विचारावे. तो कोणत्या दिवशी होई, कोणासाठी होई, टंचाईच्या वर्षी त्यातील काय गळे, हे विचारावे. आणि सर्वांत शेवटी, ज्याचे उत्तर कदाचित लगेच मिळणार नाही असा प्रश्न विचारावा: तुम्हांला स्वतःला काय आवडत असे, आणि ते तुमच्यासाठी कोणी करीत असे काय? उत्तर मिळेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. आपल्या गहिवराची फोडणी त्यास देऊ नये.

मुले पुण्यास गेली, बंगळूरास गेली, समुद्रापलीकडे गेली. त्यांच्या हाती पाकग्रंथ आहेत आणि पेज त्यांनाही करता येईल. तांदूळ, पाणी, मीठ कोठेही मिळते. परंतु कोणाची पेज पातळ करावी आणि कोणाच्या पेजेत तूप सोडावे, हे ज्या विवेकाने ठरत असे तो विवेक लिहून ठेवलेला नाही. तो ज्यांच्यापाशी आहे त्यांची साक्ष अजून घेता येते. मुदत मात्र फार उरलेली नाही.