राजूर घाटातलं एक वळण

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की तो आधी 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' ते सांगतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन मजले केलेत, आणि बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट हा त्यांच्यामधला एक जिना. माझी दहा वर्षांची स्विफ्ट या जिन्यावरून नेमाने खालीवर करते. गेल्या हिवाळ्यात तिचे चारही शॉकप बदलले, आणि तेव्हापासून घाटातलं एक डावं वळण मी कवितेचं कडवं वाचावं तसं वाचतो आहे. दहावीच्या पेपरात रसग्रहणाचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे करावे लागायचे. इथे ते जमणार नाही. वळणात सगळं एकदम घडतं.

आधी गाडी डुलायची. स्प्रिंगा बसल्या असाव्यात, असं मी धरून चाललो होतो. आखूड आणि कडक स्प्रिंगा टाकून गाडी दीड-दोन इंच खाली घे, मग बघ कशी चिकटून पळते, असा सल्ला देणारे मित्र असतातच. मिस्त्रीने मात्र बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकले, दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. "स्प्रिंगले काही झालं नाही, भाऊ. शॉकप मेले तुमचे."

शॉकप हा शब्द तसा फसवा. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेला धक्का तिला पचत नाही, ती तो परत फेकते. ते परत फेकणं आवरण्याचं काम शॉकपचं. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि त्यांवर झडपा. तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने जातं, तापतं, आणि गाडीचं उसळणं त्या उष्णतेत विरून जातं. लांब रस्ता कापून आल्यावर शॉकपला हात लावला तर तो कोमट लागतो, तो यामुळेच.

काढलेला जुना शॉकप गॅरेजच्या फरशीवर पडला होता. अंगावर तेल आणि धूळ यांचं काळं लुकण. दांडा दाबला तर अर्ध्या वाटेत हाताला काहीच लागेना. तोंडातला पडलेला दात जिभेला जाणवावा तशी पोकळी. नवा गॅसचा शॉकप उभा धरून दाबला तर जोर लागला, पण गेला. ओढायला गेलो तर मात्र तो हट्टाला पेटला. मला सगळं सौंदर्य इथेच सापडलं. खड्ड्याला तो फारसं अडवत नाही, चाकाला वर येऊ देतो. स्प्रिंग उसळी घ्यायला निघाली की तिचा पदर धरून ठेवतो. कडकपणा सगळीकडे सारखा असता तर त्याला कोणीही कडक म्हटलं असतं. हा निवडक कडक आहे.

आता कडवं. उतारावर वळण दिसतं, ब्रेक लागतो, गाडीचं नाक खाली जातं. पूर्वी ते जायचं आणि पाय उचलताच झटक्याने वर यायचं, नेमकं स्टिअरिंग वळवायच्या क्षणी. पुढच्या चाकांवरचं वजन हवं तेव्हाच हलकं. आता नाक खाली जातं आणि अलगद वर येतं. तेवढ्यात मी स्टिअरिंग डावीकडे घेतो, वजन उजव्या पुढच्या चाकावर सरकतं, गाडी कलते. किती कलते? जवळपास पूर्वीइतकीच. स्प्रिंगा त्याच आहेत, मग कल फारसा कमी का व्हावा? बदललाय तो कलण्याचा वेग. एकदा कलून ती तिथे बसते. वळणाच्या पोटात पुन्हा विचार बदलत नाही. आणि त्या पोटातच डांबराचं एक उंच ठिगळ आहे. आधी त्यावरून मागचं चाक बाजूला उडी मारायचं आणि माझे हात आपोआप स्टिअरिंग सावरायचे. आता 'धप्' असा एकच आवाज येतो, आणि गाडी धरलेली रेघ सोडत नाही.

मित्रांचं ऐकलं असतं तर? स्विफ्टच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर आखलेली ही काटकसरी रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून रस्त्यावर आली. आपल्याकडे १९८३ ची मारुती ८०० तिच्यावरच चालली. यात खालचा आर्म चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार खाली घेतली की तो उलट चाकाकडे चढू लागतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे कलायला तरफ लांब मिळते. बुटकी गाडी वळणात सरळ राहते हे म्हणूनच अर्धसत्य आहे. शिवाय कागदावरच्या गाडीपेक्षा रस्त्यावरची वेगळी दिसू लागली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उभं राहतं, ते निराळंच.

घाट उतरला की छंद बदलतो. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर लाटा घेतो. छोट्या गाडीचं अंग स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलतं. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. बारा-चौदा मीटरवर एकेक उंचवटा आला की रस्त्याची लय आणि गाडीची लय जुळते, आणि मेलेल्या शॉकपची गाडी पाळण्यासारखी झोके वाढवत जाते. मोताळ्याच्या पुढे मला पूर्वी वेग कमी करावा लागायचा तो याच पट्ट्यात. आता दुसऱ्या लाटेपर्यंत पहिली संपलेली असते.

जोडणीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या शॉकपच्या रबरी बुशचे बोल्ट मिस्त्रीने गाडी जॅकवर असताना नुसते अडकवले होते. चारही चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन बसल्यावर, तो खाली सरपटत गेला आणि मग आवळले. लोंबत्या चाकाला आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. घाईच्या गॅरेजात हीच पायरी गाळली जाते.

दोष? आहे. कमी वेगात, गावातल्या गतिरोधकांवर गाडी आता ठणकते. मी ते चालवून घेतो. मागच्या आठवड्यात आईला शेगावला नेलं, बोथ्याच्या जंगलातून खामगावमार्गे. घाटभर ती काही बोलली नाही. दारावरचं हँडल सोडून संत्रं सोलत होती. मला बरं वाटत होतं. खामगावात शिरताना पहिला गतिरोधक लागला, संत्र्याची फोड तिच्या हातातून पायाशी पडली.

"पैसे देऊन बैलगाडी करून आणलीस," ती म्हणाली.